पावाचा दगड

रिसॉर्टचा पोरगा आला ऐन बाजाराच्या दिवशी,
जिप्सी थेट ओट्याला लावून.
"लॉबीसाठी हवंय, मॅडम. जुनं, पण खरं जुनं."
मी म्हटलं, घे बाप्पा, निवडून घे.

त्याने घेतली बिस्किटांची पत्र्याची पेटी,
कंदिलाच्या तीन काचा (चौथी त्याच्याच हातून गेली),
लिमलेटची बरणी, तळाशी एक गोळी
काचेलाच धरून बसलेली,
मासे धरायच्या गळांच्या पुड्या, तेंदूपत्त्याची कार्डं,
आणि 'सव्वालाखे जनरल स्टोअर्स, देवलापार' ही पाटी,
जिच्यातला 'ज' अस्वलाने नेला
असं बाबा गिऱ्हाइकांच्या पोट्ट्यांना सांगत.

तराजू त्याने दोन्ही हातांनी उतरवला,
देवळातली घंटा काढावी तसा.
"वजनं पूर्ण आहेत ना?"
पाच किलो, दोन, एक, अर्धा.
पावाच्या जागी दगड. पेंचच्या पात्रातला,
काळसर, कडेने एक पांढरी रेघ.
"हा नको," तो म्हणाला. "हा खोटा वाटेल."

तो दगड फुलवंती कुमरेचा.
आमचा पाव हलका आहे असा तिला वहीम.
एका बाजाराला तिने पदराची गाठ सोडली,
दगड पारड्यात आदळला:
"शेटजी, माह्यं मीठ याच्यानं जोख."
बाबा हसले. जोखलं.
लोखंडी पाव तेव्हापासून
गल्ल्यामागे गेला तो गेलाच.

मग जंगल राष्ट्रीय झालं
आणि तिचं गाव उठलं.
वहीत तिचं पान आहे अजून:
मीठ पाव. माचिस एक. मीठ पाव. बाकी साडेतीन रुपये.
शेवटच्या आजारात बाबा म्हणायचे, फुलवंतीचं माफ.
मला फार बरं वाटायचं. असा बाप.

काल रात्री सक्करदऱ्यात,
केक-बिक करायला घेतलेल्या काट्यावर
मी दगड ठेवला. दोनशे बासष्ट.
म्हणजे दर खेपेला बारा ग्रॅम मीठ तिला जास्त,
आणि बाबांना ते ठाऊक असणारच.
मी पुन्हा खूश.
कौतुकाने वही उघडली
आणि पहिल्यांदाच डावा रकाना वाचला, 'जमा'चा:

चारोळी पाव. चारोळी पाव. डिंक पाव. चारोळी पाव.

मिठाच्या भारोभार.
त्याच दगडाने.

रिसॉर्टवरून फोटो आलाय.
तराजू छान टांगलाय, मागे पिवळा दिवा.
पोरगा विचारतो, दोन्ही पारडी रिकामी आहेत,
तरी एक खाली का जातंय?

पासंग असेल, मी लिहिते.

दगड अजून काट्यावरच आहे.
काटा थोड्या वेळाने आपोआप विझतो.
मी पुन्हा चालू करते.