डावी बाजू

काजूच्या कारखान्यात बावीस वर्षं
मी एकाच बाजूने जगले.
उजवा पाय पेडलवर, उजवा हात दांड्यावर,
बी पात्यांत धरायची, दाबायचं,
टरफल दुभंगायचं,
आणि प्रत्येक बीमागे उजवा खांदा
केसभर खाली यायचा.
बी धरणारा डावा हात
आठवायचा फक्त चीक उडून भाजला की.

शिरोड्याच्या डॉक्टरांनी पाठीचा फोटो
खिडकीच्या उजेडात धरला.
म्हणाले, मणका कलंडलाय,
किनाऱ्यावरचा माड कलंडतो तसा.
माड समुद्राकडे झुकतो.
मी कुणीकडे झुकत होते, ते त्यांनी सांगितलं नाही.
गोळ्या दिल्या.

आता पहाटे साडेपाचला
मच्छीमार सोसायटीच्या शेडमध्ये जाळी एका अंगाला सारून
आम्ही सात बायका आणि निवृत्त पोस्टमन गिरपकाका
चटया अंथरतो.
नायलॉनला कालच्या सुंगटांचा वास,
भिंतीपलीकडे भरती चढत असते.
आल्मेडा सिस्टर, तीस वर्षं सरकारी दवाखान्यात
इंजेक्शनं टोचून आता आम्हाला सरळ करायला निघालेल्या,
गळ्यातला क्रूस पदरात खोचून सांगतात,
"श्वास हळू घेवा. तुमच्या पाठी वाघ नाय लागलो."
आणि मग, दर वेळी, प्रत्येक आसनानंतर,
"आता डाव्या बाजूने."

पहिला महिनाभर मला ती बाजू सापडलीच नाही.
सिस्टरांनी डाव्या बरगडीवर बोट ठेवलं,
म्हणाल्या, हय श्वास धाड.
मी धाडत राहिले,
पत्ता चुकलेल्या पत्रासारखा तो परत येत राहिला.
डाव्या पायावर झाड होऊन उभी राहिले
आणि कोसळले ती गिरपकाकांच्या छत्रीवर.
छत्रीची एक काडी अजून वाकडी आहे.

कधी सापडली, तो दिवस मला सांगता येणार नाही.
एकदा विहिरीवर बघते तर
कळशी डाव्या कमरेवर.
एकदा जेवताना डाव्या दाढेखाली
सोलकढीतल्या मिरचीचा तुकडा आला
आणि डोळ्यांत पाणी येऊन मी हसत सुटले.
एकदा मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला, पैशांवरूनच,
तेव्हा श्वास सोडून झाल्यावर बोलले.
पूर्वी मी श्वासाच्या आधी बोलायचे.
तो घाबरला. आई, तुला बरं नाही का?

आणि शेवंती.
माझी जाऊ, गडग्याच्या पलीकडची.
एका रातांब्याच्या फांदीवरून नऊ वर्षं
आम्ही बोलत नव्हतो.
कारखान्यावरून येताना तिचं खळं डावीकडे लागतं.
नऊ वर्षं मला वाटत होतं, मी तिच्याकडे बघत नाही.
खरं तर माझी मान
तेवढी वळतच नव्हती.

गेल्या वैशाखात ती वळली.
आपणहून, दुखल्याशिवाय.
शेवंती सोलं उन्हात पसरत होती,
कोपरापर्यंत लाल, केस पांढरे झालेले.
कधी झाले असतील?
तीही बघत राहिली.
मग म्हणाली, "पाठ बरी आसा मां?"
मी म्हटलं, "आसा तशी."
एवढंच. दोघी आपापल्या कामाला लागलो.
फांदी अजून माझ्या अंगणातच लोंबते.

गुडघा वाजतो तो वाजतोच.
डाव्या पायाचं मशीन मिळत नाही,
सुपरवायझरला विचारून झालं,
तो किलो मोजत हसला.
दिवसभर मी पुन्हा कलंडत जाते,
फक्त आता कलंडताना कळतं,
आणि दांडा दाबताना श्वास सोडते,
तेवढा खांदा माझा राहतो.

उद्या साडेपाचला परत.
जाळी सारायची,
गिरपकाकांची छत्री लांब ठेवायची,
आणि उजवीकडून सुरुवात करून
वाट बघायची सिस्टरांच्या त्या तीन शब्दांची.