ओढीचं लाकूड

कर्द्याच्या वाटेवर आडवी झालेली उंडी
वादळानंतर नवव्या दिवशी वखारीत आली,
मुळांत अजून वाळू, एक फुटका शंख,
आणि कुणाच्या तरी पडवीचा पत्रा सालीत रुतलेला.
वहीत मी लिहिलं : उंडी, नग एक, घेर साडेपाच फूट,
हरेश्वर पावसे, होडीसाठी.

याकूब रखांगे चाळीस वर्षं करवतीवर.
बाजारात बैल चाचपतात
तसा त्याने ओंडका चाचपला
आणि विचारलं,
"समुद्र हिच्या कुठल्या अंगाला होता?"
मला काय ठाऊक.
पावशांच्या धाकट्याने बोट दाखवलं.
त्या अंगावर गेरूची रेघ मारून
याकूबने बटण दाबलं.

हातभर आत गेलं आणि पातं अडकलं.
पट्टा किंचाळला. जळक्या रबराचा वास.
लाकडाने दोन्हीकडून चिमटा घेतला होता,
मेलेल्या लाकडाने.

"वारा हिला जन्मभर गावाकडे लोटत होता,"
पाचर ठोकता ठोकता याकूब सांगू लागला,
"ही समुद्राच्या अंगाला दोर वळत बसली.
आतल्या आत. एकेक पेड.
स्वतःला उभं खेचायला.
तोच कापतोय आपण."

ओंडका उघडला तेव्हा गाभा मध्यावर नव्हता.
गावाच्या अंगाला चार बोटं लाकूड,
समुद्राच्या अंगाला वीतभर, चकचकीत, लोकरी धाग्यांचं.
उंडीला वळी धड पडत नाहीत,
किती वर्षं खेचत होती ते मोजता आलं नाही.

धाकटा म्हणाला,
त्या बाजूच्या फांद्यांवर आम्ही कधी चढलोच नाही,
नव्हत्याच.
खारं वारं कोंब करपवायचं.
सगळी सावली अलीकडे, रस्त्यावर,
तिथे बसून आजा जाळी सांधायचा.

खाली, कमरेच्या उंचीवर, एक काळी चंद्रकोर.
दावं बांधायला कुणी कधी खिळा ठोकला असेल.
खिळा उरला नव्हता, गंज होता,
आणि गंजाभोवती गर्द तपकिरी कड,
पटकीच्या साथीत एक आळी बंद करावी
आणि बाकी गावाने चुली पेटवाव्यात तशी.
"भरत नाही ती," याकूब म्हणाला, "कोंडून ठेवतं झाड."
मग नखाने तो डाग खरवडला
आणि नख लुंगीला पुसलं.

हरेश्वर दुपारी आला. फळीवरून डोळा लावून बघितलं.
"पाण्यात ही कुणीकडे ओढील, नेम नाही."
फासळ्यांसाठी दोन बेचकी तेवढी नेली,
बाकीचं तुम्हीच विका म्हणाला,
भाव विचारला नाही.

पाच फळ्या निघाल्या होत्या. चार सरळ.
पाचवी मी भिंतीला टेकवली.

सकाळी कुलूप काढलं तर
तिची दोन्ही टोकं भिंत सोडून
गेरूच्या रेघेकडे वळलेली,
आणि ती रेघ तेव्हा
उगवतीला, खेडच्या रस्त्याकडे तोंड करून होती.

मालक म्हणाले, दगड ठेवा तिच्यावर.
याकूबने दोन जांभे ठेवले. दुपारी
डबा खायला त्याच फळीवर बसला.

वहीत लांबी, रुंदी, जाडी असे तीनच रकाने.
शेऱ्याच्या जागेत मी लिहिलं :
अजून ओढते आहे.