शेजारचे सोळा कप्पे

माहुलच्या गच्चीवर फेब्रुवारीचं ऊन
आधी पत्र्याला लागतं, मग आम्हाला.
अँटेना फिरते, मिनिटाला चोवीस फेरे,
आणि मी वहीत लिहिते:
चाचणी अकरावी. लक्ष्य, लाकडी होडी 'हिंगळाई',
लांबी नऊ मीटर, नाखवा हरेश्वर, खलाशी एक.
समुद्र किंचित उसळता.

यंत्राला होडी दिसत नाही, हे आधी सांगायला हवं.
त्याच्याकडे येते फक्त माघारी फिरलेली कुजबुज:
लाटेची, खारफुटीची, पलीकडच्या क्रेनची,
चिखलातून एकदम उठलेल्या रोहितांच्या थव्याची.
त्यातल्या एका कप्प्यावर बोट ठेवायचं
आणि विचारायचं, इथे कोणी आहे, की नुसतं पाणी?
उत्तर त्या कप्प्यापाशी नसतं.
डावीकडचे आठ, उजवीकडचे आठ,
शेजाऱ्यांना विचारून ठरते उंबरठ्याची उंची.
डोकं त्यावर निघालं
तर तू आहेस.

पहिली पद्धत सरासरीची.
साधी, झटपट, तांबोळी सरांची लाडकी.
मोकळ्या पाण्यात तिने दहातून नऊ वेळा होडी धरली,
खोटी हाक सकाळभरात एकच, तीही थव्यापायी.
मग होडी वळली बुचर बेटाकडे.
तिथे तेलाचं जहाज नांगरून होतं,
आणि पडद्यावरचा हरेश्वर नाखवा पुसला गेला.

बुडाला नव्हता. वायरलेसवर त्याचं बोलणं चालूच होतं,
कोणाच्या तरी साखरपुड्यातल्या सुरमईबद्दल.
एवढंच झालं, की शेजारच्या दोन कप्प्यांत लोखंड आलं
आणि सोळा जणांची सरासरी
त्याच्या डोक्यावरून गेली.

चेंबूरला आमच्या तीन मजल्यांना खेटून
बावीस मजले उठले, तेव्हा दलाल म्हणाला होता,
एरिया वर गेला, ताई.
नळाला पाणी पूर्वीइतकंच, पाऊण तास.

दुसरी पद्धत मी आणलेली.
सोळा जणांना उंचीने रांगेत उभं करायचं,
खालून बारावा निवडायचा, त्यालाच मापदंड मानायचं.
वरचे चार कितीही थोर असोत, त्यांना विचारायचं नाही.
जहाजाशेजारी होडी परत उगवली,
पाच फेऱ्यांतून तीनदा, कधी चारदा.
पण काठाशी, जिथे पाणी संपून खारफुटी सुरू होते,
तिथे माझी पद्धतही गांगरली,
झाडांनाच नाखवे म्हणू लागली.
तेही लिहिलं. लिहिताना अक्षर जरा बारीक आलं.

दुपारी दोनला होडी अचानक लख्ख.
जहाजालगत, काठाला, थव्याखाली,
दोन्ही पद्धतींना, फेरीमागून फेरी, शंभर टक्के.
सर म्हणाले, वा!
मी दुर्बीण लावली.
डोलकाठीच्या टोकाला बांधलेला
भाताचा ॲल्युमिनियमचा टोप.

"नाखवा, टोप उतरवा."
"धुक्यात आमी ह्योच लावतो. बापानं पन लावला."
"आज नको. आज तुम्ही रोजच्यासारखे हवे आहात."
खरखर. बराच वेळ नुसती खरखर.
"म्हंजी आमी दिसत नाय का, ते बगतेस?"
"हो."
"आन् नाय दिसलो तर पैसं कापशील?"
"नाही, नाखवा. त्याचेच तर पैसे आहेत."
मग तो हसला की खोकला, ते वायरलेसवर कळेना.

टोप खाली आला. आकडे खाली आले.
त्या दोनच्या फेऱ्या मी वहीत उभ्या रेघेने खोडल्या,
कारण दिलं: लक्ष्याने स्वतःत बदल केला.

पाच वाजता नोंदणी बंद.
तांबोळी सर केबल गुंडाळत होते,
पडदा मी अजून मालवला नव्हता.
बुचर बेटाच्या अलीकडे, जहाजाच्या त्या जाड डागालगत
एक टिंब पेटलं, टोकदार,
आणि दर फेरीला थोडं थोडं
ट्रॉम्बेच्या धक्क्याकडे सरकू लागलं.

टोप परत चढवला होता त्याने.
हे कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं.
मी केबल मागायला आलेल्या सरांना म्हटलं, थांबा,
अजून दोन फेरे.