शून्य पॉइंट नऊ

ताकेमोतोबाईंच्या न्हाणीघराचा पंप बंद पडला
त्याला आज अकरावा दिवस.
झडपेची चकती झिजली आहे, आणि ती बनवणारा कारखाना
चकतीच्याही आधी झिजून गेला.
"तुम्ही जहाजं काढायचात ना, कुवाबाराबाई?
मग एवढीशी चकती काढून द्या.
कागद दाखवला तर पलीकडच्या बेटावरचा लेथवाला
कापून देईन म्हणतो."

जहाजं काढायचे साहेब.
मी त्यांच्या रेघा गिरवायचे, एकतीस वर्षं,
आणि गिरवताना त्यांच्या चुका
गुपचूप सूतभर सरकवायचे.
ओनोमिचीच्या धक्क्यावरून जी पाण्यात उतरली
त्यातली एकही अजून बुडाली नाही.
सांगितलं असं कोणाला नाही. आता सांगते.

घरात जुनी खटक्याची पेन्सिल आहे, शून्य पॉइंट तीनची.
काल तिनं सात वेळा शिसं मोडलं.
तिनं नाही.

म्हणून दोनशे अठरा पायऱ्या उतरून
बाजारातल्या दुकानात गेले.
काउंटरवर रेन्या, कानात निळी बाळी.
त्यानं काचेचा खण ओढला, आणि मी
जावई पाहायला आल्यासारखी
एकेक उचलू लागले.

ही डोक्याकडे जड. नको.
वजन नाकाशी हवं, कागदाची ओढ असलेलं.
हिची पकड गुळगुळीत; घाम आला की मासोळी.
हिच्या टोकाची नळी आखूड,
पट्टीला टेकली की शिसं आडोशाला जातं
आणि रेघ पट्टीपासून केसभर दूर पळते.
हिला क्लिपच नाही.
क्लिप नसलेली माझी एक पेन्सिल
तिरक्या टेबलावरून घरंगळत
थेट मोठ्या साहेबांच्या चहात गेली होती.

"ही बघा," रेन्या म्हणाला, "ही शिसं आपोआप फिरवते,
टोक एका बाजूनं झिजतच नाही."
मी हसले. लांब रेघ ओढताना
अंगठ्याखाली पेन्सिल हळूहळू वळवत न्यायची,
एवढं शिकायला मला दोन हिवाळे लागले होते.
तेवढ्यासाठी आता स्प्रिंग.
असू दे. स्प्रिंगला संधिवात होत नाही.

मग त्यानं वही पुढे केली, चाचणीची.
कोणाचं नाव, कोणाची मांजर, कोणाच्या नुसत्या भिंगऱ्या.
मी एका कोपऱ्यात आडवी रेघ ओढली. पट्टीशिवाय.
टक्.
पुन्हा. टक्.
दुकानात तेवढाच आवाज.

रेन्यानं माझ्या हाताकडे पाहिलं नाही.
खालच्या खणातून एक जाडी काढून ठेवली: शून्य पॉइंट नऊ.
"ही पहिलीतली मुलं नेतात,"
आणि कानाच्या बाळीपर्यंत लाल होत,
"आणि सुतारसुद्धा."

सुतार म्हणाला म्हणून घेतली.

रात्री चकती काढली.
बाहेरचा व्यास, आतला व्यास, चार भोकं.
रेघ अशी जाड, की पूर्वीच्या टेबलावर
माझ्याच हातानं फाडून टाकली असती.
तिच्या काठाला बारीक दात, मुंग्या चालून गेल्यागत.
पण मोडली नाही. टोकापासून टोकापर्यंत गेली
आणि जिथे थांबायचं तिथेच थांबली.

सकाळी लेथवाल्याचा फोन.
"बाई, रेघ रुंद आहे. आतली कड धरू की बाहेरची?"
"आकडा लिहिलाय ना?" मी म्हणाले.
"आकडा धरा. रेघ फक्त वाट दाखवायला असते."
पलीकडे जरा वेळ यंत्राची घरघर,
मग तो म्हणाला, "हो. आकडा सुंदर आहे."

शनिवारी पंप सुरू झाला.
ताकेमोतोबाईंनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत,
फक्त म्हणाल्या, पाय आधी धुवा.
गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसले.
समोर माझा उजवा हात, पाण्याखाली.
कापत होता की पाणीच हलत होतं,
पाहत राहिले,
कळलं नाही.