भुवईच्या वर दोन बोटं

रविवारी अकराची वेळ मिळाली,
कॉलेज रोडला, चष्म्यांच्या दुकानावरचा जिना.
रेवती बिडवेनं कंगव्याच्या शेपटीनं माझा भांग मोडला,
कपाळावर एक त्रिकोण काढला,
उरलेले केस चिमट्यांत अडकवले
आणि विचारलं, नक्की ना?
सेहेचाळीस वर्षांची बाई 'नक्की' म्हणते
तेव्हा आवाज मध्येच जरा फाटतो.

ती म्हणाली, आमचे आजोबा रामकुंडावर बसायचे.
वस्तरा, पाण्याची वाटी, दगडाला पाठ.
अख्खी डोकी उतरवायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत.
मी चार बोटं उतरवते नि तासभर बडबडते.
डोळे मिटा.

मिटले.
ओले केस नाकावर आले, मग ओठांवर,
मग कात्री. उभी धरलेली.
आडवी धरली की बालवाडी दिसते म्हणे.

माझं कपाळ मोठं.
आत्या म्हणायची, सटवाईला हिच्याकडे
दोन ओळी जास्तीची जागा मिळाली.
म्हणताना हसायची, पण कुठल्या ओळी ते सांगायची नाही.
स्थळांसाठी फोटो काढला तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला,
मान जरा खाली घ्या ताई, उजेड परत येतोय.
तेव्हापासून प्रत्येक फोटोत
मी काहीतरी सांडल्यासारखी जमिनीकडे बघते.

डोळे उघडले तर
पडदा. मधून सारलेला, दोन्ही गालांकडे उतरत गेलेला,
मध्ये टिकलीपुरती फट.
आता सटवाईचं अक्षर वाचायचं असेल कुणाला
तर आधी विचारावं लागेल.

घरी नवरा बराच वेळ बघत राहिला.
चष्मा बदललास का?

सोमवारी सातपूर.
खैरनार साहेबांचा नियम भिंतीवर लावलेला आहे:
टोपीबाहेर एकही केस नको, मशीनला डोळे नसतात.
इलॅस्टिकखाली पडदा गुंडाळून ठेवला.
आठ तास स्विचचे डबे.
साडेचारला टोपी काढली
तर कपाळाला ओली कुरडई चिकटलेली.

रेवतीनं सांगितलं होतं, घाबरायचं नाही,
फक्त पुढचे ओले करायचे, सगळं डोकं नाही.
डावीकडचे उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे,
मग रोलर, वरून खाली नाही, मागच्या बाजूला.
रोलर जांभळा आहे, काटेरी,
पर्समध्ये डब्याच्या पिशवीला चिकटून बसतो.
बायकांच्या बाथरूममध्ये
हात वाळवायच्या मशीनखाली मी कमरेत वाकले,
गरम वारा कपाळावर घेत.
ज्योत्स्ना दारातच थांबली. पोट धरून हसली.
मग हळूच म्हणाली, किती घेतले गं तिनं?

हेल्मेटचं काय करायचं ते रेवतीनं सांगितलं नव्हतं.
त्र्यंबक रोडला सगळं पुन्हा सपाट.
म्हणून घराच्या कोपऱ्यावर, गाडी स्टँडला लावून,
आरशात बघत रोलर परत चढवला
आणि मेथी घ्यायला उभी राहिले.
भाजीवाली म्हणाली, ताई, डोक्यात काहीतरी राहिलंय.
म्हटलं, राहू दे, अजून पाच मिनिटं आहेत.
तिनं एक जुडी जास्त टाकली.
का, ते कळलं नाही.

महिन्यात अर्धा इंच वाढतात.
तीन महिन्यांनी डोळ्यांत येतील, तेव्हा माझ्याकडेच या,
घरी हात लावायचा नाही, सगळ्याच लावतात, असं ती म्हणाली होती.
मी सात आठवडे थांबले.

काल रात्री, नवऱ्याची मिशीची कात्री,
बेसिनवरचा पिवळा दिवा.
जरासंच. डावीकडे जास्त गेलं.
मग उजवीकडे बरोबर करायला गेले.

बेसिनमध्ये चिमूटभर केस, त्यात दोन पांढरे.
मान वर करून बघितलं.
भुवईच्या वर चार बोटं.

असू दे.
उद्या टोपी आहेच.