किल्ली हार्डवेअरच्या दुकानात मिळेल

म्युझियमच्या दाराला चिठ्ठी होती, एवढीच.

इथे आधी नाक कोरडं पडतं,
मग ओठ, मग बोलणं.
नेवाडातलं हे गाव, रस्ता एक,
तोही चढून आल्यावर दमलेला.
वर डोंगर, चांदीसाठी पोखरलेला,
दाढ काढल्यावर तोंड मिटायचं विसरलेल्या माणसासारखा.

ल्युएला ट्रेगोनिंग खिळे मोजत होती.
त्रेचाळीसवर बोट ठेवून उठली.
पणजोबा कॉर्नवॉलहून आले, खाणीत उतरले,
"वर यायचेत अजून," म्हणाली,
जसं कुणी बाजारात गेलंय.

बाराला भोंगा वाजला.
खाण बंद होऊन सत्तर वर्षं झाली.
कुत्री रडली, माणसांनी डबे उघडले.
"मध्ये बंद केला होता भोंगा,
पण कुणाला जेवणच जाईना."

आत काचेखाली कंदील,
एकाच पायाचे दोन बूट,
आणि हॉटेलचं जुनं खातं:
कसायाचं नाव, न्हाव्याचं नाव, बर्फवाल्याचंसुद्धा.
धुलाईचे पैसे मात्र दर शनिवारी
'चिनी जॉन'ला.
असे जॉन गावात अकरा होते म्हणे.

भिंतीला टेकवलेली इस्त्रीची फळी तिनं उलटी केली.
खालच्या अंगाला चाकूनं कोरलेली तीन अक्षरं.
"येईल कुणीतरी वाचणारं."
माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मग वहीत सही करायला लावली,
"तुमच्या लिपीत करा."
केली. तिनं वही फिरवली,
शिरोरेषेवरून नख नेलं.
"ही दोरी आधी बांधता, की कपडे आधी घालता वाळत?"

कपडे आधी, म्हटलं.
दोरी सगळ्यात शेवटी.
शाळेत बाई तसंच शिकवायच्या.

तिला हसू आलं नाही.
दुकानात गिऱ्हाईक होतं, ती गेली.
"निघताना कुलूप लावा."

मी एकटा, आणि फळीवरची धूळ.
त्या तीन अक्षरांच्या डोक्यावरून
बोटानं एक रेघ ओढली.
लगेच पुसली बाहीनं.
आपली दोरी कशाला त्याच्या कपड्यांना.

मागच्या अंगणात दोन लोखंडी खांब,
आकडे अजून शाबूत, मध्ये नुसता वारा,
सेजब्रशचा कडवट वास,
आणि पार क्षितिजापर्यंत कुणीही न घडी केलेलं ऊन.

चाळीस मैल उतरल्यावर पेट्रोलसाठी खिशात हात घातला
तर किल्ली.

गाडी वळवली.
पुन्हा नाक कोरडं, मग ओठ.
दुकानात दिवा होता.
ती खिळे पहिल्यापासून मोजत होती.