मिशी

शिरकिसन, तुह्या पुतळ्याले
अमरावतीच्या कारागिरानं मिशी लावली.
पिळदार. सरपंच खूश.
मी काई बोललो नाही.

पन मले ठाऊक हाय ना, बापा,
भरतीच्या आदल्या दिशी
माह्याच पाटावर बसला होता तू,
ओठावर मोजून अकरा केस,
अन् म्हने, "दाढी करून द्या, काका,
मोठा दिसलो पाह्यजे."

आपलं पानी खारं.
साबन घासघास घासला, फेस येईना.
तू हासत राह्यला, गाल हालत राह्यले,
अन् डाव्या कानाखाली वस्तरा लागला जरासा.
तुरटी लावली. पैसे घेतले नाही.

मंग तुहं कार्ड आलं.
बापाच्या नावानं, पन खाली कोपऱ्यात
माह्यासाठी एक ओळ:
"काका, इथं बर्फ वितळवून दाढी करतो,
फेस असा येते का तोंडच दिसत नाही."

पेटी आली तवा उघडू देली नाही कोनी.
मी धोपटी घेऊन उभा होतो,
शेवटचं काम आमच्याकडे असते.
तसाच वापस गेलो.

आता पंधरा ऑगस्ट आला का
ग्रामपंचायत मले पुतळा धुवाले सांगते.
बालटीत तेच पानी,
सुकलं का तुह्या खांद्यावर पांढरं मीठ धरते.
मिशीवरून फडकं फिरवतो,
मंग डाव्या कानाखाली बोट लावून पाह्यतो.

सिमेंट गुळगुळीत हाय.
कारागिराले कसं ठाऊक असन?